छोटं बाथरूम नव्यानं बांधताय? टाइल्स नंतर, आधी पाण्याची वाट ठरवा

जळगाव/धुळे : कापूस विकून हातात चार पैसे आले की खान्देशातल्या गावागावांत घराची कामं निघतात. कुणी पत्रे बदलतो, कुणी ओट्याला फरशी टाकतो. अलीकडे बऱ्याच घरांत पहिला नंबर लागतो तो बाथरूमचा. आखाजीला लेकीबाळी माहेरी येतात, त्याआधी काम उरकायचं अशी घाई असते. मग सरळ दुकान गाठलं जातं, टाइल्स पसंत होतात, मिस्तरीला बोलावणं जातं. बाथरूममध्ये काय कुठे येणार, हे मात्र खोदकाम सुरू झाल्यावर उभ्या-उभ्या ठरतं.

फसगत होते ती इथंच. रंग चुकला तर डोळ्याला खटकतो, बाकी काही बिघडत नाही. पण उतार चुकला, कमोडचं भोक सहा इंच इकडं-तिकडं झालं, दार आत उघडणारं बसवलं, तर ते दुरुस्त करायला नवी फरशी फोडावी लागते. म्हणून छोट्या बाथरूमचा आराखडा पाण्यापासून सुरू करायचा. पाणी येतं कुठून, जातं कुठं आणि ते बाथरूम वापरणार कोण, या तीन प्रश्नांची उत्तरं मिळाली की निम्मं काम झालं.

आपल्याकडची अडचण वेगळी

शहरातल्या फ्लॅटमध्ये बाथरूमची चौकट तयार मिळते. गावात तसं नसतं. जुन्या घरात आंघोळीची मोरी स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात किंवा मागच्या दारी असते. संडास वेगळा, अंगणाच्या टोकाला. २ ऑक्टोबर २०१४ ला स्वच्छ भारत मिशन सुरू झालं आणि ग्रामीण भागात पात्र कुटुंबांना शौचालयासाठी १२ हजार रुपये प्रोत्साहन मिळू लागलं. त्यातून बांधलेले संडास आज गावोगावी आहेत. ते छोटे आहेत, बादलीनं पाणी ओतून धुवायचे आहेत आणि बहुतेकांची जोडणी सेप्टिक टँकला नसून शोषखड्ड्याला आहे.

आता घरोघरी विचार होतो तो हा की संडास आणि मोरी एकत्र करायची, कमोड बसवायचा, वर शॉवर लावायचा. विचार चांगला आहे, पण त्या जुन्या खड्ड्याचा हिशेब कुणी करत नाही.

खड्ड्याला किती पाणी झेपतं?

ओतून धुण्याच्या ग्रामीण भांड्याचा उतार तीव्र असतो आणि पाण्याचा सापळा जेमतेम २० मिलिमीटरचा असतो. त्यामुळे दीड ते दोन लिटर पाण्यात ते साफ होतं. खड्ड्याचं मापही त्याच हिशेबानं धरलेलं असतं. पाच-सहा माणसांच्या कुटुंबाला साधारण एक मीटर रुंद आणि एक मीटर खोल असे दोन खड्डे, आणि वापर आळीपाळीनं.

कमोडची नवी दोन बटणांची टाकी मोठ्या बटणाला साधारण सहा लिटर पाणी सोडते. जुन्या धाटणीच्या टाक्या दहा लिटर आणि त्याहूनही जास्त सोडतात. पाच माणसांच्या घरात दिवसाला दहा वेळा पाणी सोडलं असं धरलं, तर ग्रामीण भांड्याला २० लिटर लागतात, सहा लिटरच्या टाकीला ६० आणि जुन्या टाकीला १००. जलजीवन मिशनचं उद्दिष्ट माणशी रोज ५५ लिटर पाण्याचं आहे. म्हणजे पाच जणांना २७५ लिटर. त्यातले १०० लिटर संडासातच गेले तर आंघोळ, धुणी-भांडी कशात करायची? ज्या गावात नळ चार दिवसाआड येतो, तिथं तर हा हिशेब आधीच मांडायला हवा.

त्यामुळे कमोड हवाच असेल तर दोन बटणांची टाकी घ्या, किंवा टाकी न लावता बादलीनं पाणी ओता. कमोडला टाकी लागतेच असं नाही, बादलीच्या पाण्यानंही तो साफ होतो.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची आहे. आंघोळीचं आणि कपडे धुण्याचं पाणी संडासाच्या खड्ड्यात कधीही सोडू नका. एका माणसाच्या आंघोळीलाच १५-२० लिटर पाणी लागतं. ते रोज खड्ड्यात गेलं तर माती शोषणार तरी किती? त्यात तापीकाठची काळी माती. ती ओली झाली की फुगते आणि पाणी मुरू देत नाही. खड्डा वर्षभरातच तुंबतो आणि दोष भांड्याला दिला जातो. संडासाचा पाइप वेगळा आणि मोरीचा वेगळा, हा छोट्या बाथरूमच्या आराखड्यातला पहिला नियम.

मोरीचं पाणी वेगळ्या शोषखड्ड्यात किंवा परसबागेत न्या. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णी गावानं घरोघरी सांडपाण्याचे शोषखड्डे करून उघड्या गटारांचा प्रश्न सोडवला, हे उदाहरण राज्यभर सांगितलं जातं. आपल्याकडे काळ्या मातीत खड्डा करायचा तर खाली मुरुमापर्यंत जावं लागतं. मुरूम लवकर लागत नसेल तर पाणी केळीच्या दोन खुंटांना, कर्दळीला किंवा अळूला सोडा. ही झाडं सांडपाणी चांगलं ओढतात.

आणि खड्डा एकच असेल तर याच कामात दुसरा खोदून घ्या. दोन खड्ड्यांमध्ये एक मीटर अंतर ठेवा. विहीर किंवा हातपंप किमान १० मीटर लांब असावा. पहिला भरला की चेंबरमधून पाणी दुसऱ्याकडे वळवायचं. बंद केलेल्या खड्ड्यातला मैला वर्ष-दोन वर्षांत कोरडं, वास नसलेलं खत होतो. एकच खड्डा असला की ओला मैला उपसायची पाळी येते, आणि तो माणसाच्या हातून उपसून घेणं २०१३ च्या कायद्यानं गुन्हा आहे.

एकत्र की वेगळं?

राष्ट्रीय बांधकाम संहितेतली किमान मापं लक्षात ठेवायला सोपी आहेत. फक्त संडास असेल तर १.१ चौरस मीटर, म्हणजे साधारण ३ × ४ फूट. फक्त न्हाणीघर १.८ चौरस मीटर, म्हणजे ४ × ५ फूट. दोन्ही एकत्र असतील तर २.८ चौरस मीटर, म्हणजे ३० चौरस फूट.

म्हणजे ३ × ४ चा संडास आणि त्याला लागून ४ × ५ ची मोरी असेल, तर मधली भिंत पाडून ३० चौरस फुटांची जागा मिळू शकते. पण पाडण्याआधी दोन गोष्टी बघा.

एक म्हणजे घरात माणसं किती. सात-आठ माणसांच्या घरात सकाळी एक जण आंघोळीला गेला की संडासही अडतो. शाळेची पोरं, शेतात निघालेली माणसं दाराशी ताटकळतात. तिथं दोन्ही वेगळं ठेवलेलंच बरं. माणसं तीन-चार असतील, किंवा म्हातारं माणूस असेल ज्याला संडासानंतर तिथंच अंग धुवावं लागतं, तर एकत्र सोयीचं पडतं.

दोन म्हणजे ती भिंत काय पेलते आहे. वर स्लॅब किंवा पाण्याची टाकी असेल तर मिस्तरीच्या तोंडी अंदाजावर भिंत पाडू नका. धाब्याच्या घरात तर जास्तच जपा. मातीच्या भिंतीत नळाचे पाइप गाडायचेच नाहीत. एखादा जोड झिरपला तरी बाहेरून काही दिसत नाही आणि भिंत आतून विरघळते. अशा घराला बाथरूम जोडायचं तर विटांची स्वतंत्र भिंत उभी करा आणि पाइप तिच्यावर घ्या. काळ्या मातीवर नवं बाथरूम बांधत असाल तर पाया मुरुमापर्यंत न्या. नाहीतर उन्हाळ्यात माती आटते, पावसाळ्यात फुगते आणि नवं बांधकाम जुन्या घरापासून फाटतं.

५ × ७ फुटांत काय कुठं?

गावात सहज निघणारं माप म्हणजे ५ × ७ फूट. त्याचा एक आराखडा असा करता येईल.

दार पाच फुटी भिंतीच्या एका कोपऱ्यात. रुंदी किमान अडीच फूट, जमलं तर तीन. दार ज्या बाजूला, तिच्या समोरच्या लांब भिंतीवर सगळं सामान ओळीनं लावायचं. दाराजवळच्या दीड फुटात बेसिन. पुढच्या अडीच फुटांत कमोड. उरलेल्या तीन फुटांत, म्हणजे अगदी आतल्या टोकाला, आंघोळीची जागा.

या मांडणीत कोरडं दाराजवळ राहतं आणि ओलं आत. रात्री हात धुवायला किंवा लघवीला गेलेल्या माणसाचा पाय ओल्यात पडत नाही. सगळे नळ, सगळे पाइप एकाच भिंतीला येतात. पाइप कमी लागतो, जोड कमी होतात, म्हणून गळतीही कमी.

कमोड भिंतीपासून साधारण सव्वादोन फूट पुढे येतो. पाच फुटांतून तो गेला की समोर पावणेतीन फूट जागा उरते. बसायला-उठायला ती पुरते आणि त्यातूनच आंघोळीकडे जाताही येतं. कमोडच्या मध्यापासून दोन्ही बाजूंना सव्वा-सव्वा फूट मोकळं हवं, नाहीतर कोपर भिंतीला लागतं.

रुंदी चारच फूट असेल तर कमोडसमोर पावणेदोन फूट उरतात. मग बेसिनचा हट्ट सोडा. बेसिन बाहेर ओसरीवर लावा. हात-पाय धुऊन घरात यायची आपली जुनी पद्धत आहेच.

भारतीय भांडं बसवायचं असेल तर एक गोष्ट जपा. भांड्याखालच्या सापळ्याला जागा लागते म्हणून मिस्तरी सहा-नऊ इंचांचा ओटा करून त्यावर भांडं बसवतात. गुडघे दुखणाऱ्या माणसाला ही पायरी फार जड जाते. घर जमिनीलगत असेल तर खाली खोदा आणि भांडं फरशीच्या पातळीला बसवा.

आराखड्यात हमखास विसरतो तो ड्रम. पाण्याचा दोनशे लिटरचा ड्रम जवळपास दोन फूट रुंद असतो, म्हणजे चार चौरस फूट जागा खातो. तो ठेवायचाच असेल तर आधीपासून कागदावर दाखवा. गच्चीवर टाकी असेल तर ड्रम काढता येतो. मात्र मे महिन्यात काळ्या टाकीतलं दुपारचं पाणी हाताला चटका देतं. टाकी सावलीत ठेवा, किंवा तिच्यावर साधं शेड टाका.

उतार : मिस्तरीला विचारायचा पहिला प्रश्न

“मिस्तरी, पाणी कोणत्या कोपऱ्यात जाणार?” काम सुरू होण्याआधी हे विचारा आणि त्या कोपऱ्यात खडूनं फुली मारा.

आंघोळीच्या जागेत फुटाला साधारण पाव इंच उतार धरा. चार फुटांत एक इंच. चार इंची पाइपालाही फुटाला पाव इंच उतार लागतो. पण ओतून धुण्याच्या संडासाचा पाइप खड्ड्याला जोडताना उतार जास्त हवा, पंधरा फुटांत किमान एक फूट. खड्डा लांब असेल तर हा फरक आधीच मोजा. नाहीतर शेवटी कळतं की पाइप खड्ड्याच्या तोंडापेक्षा खाली गेला.

नहाणी ट्रॅप आतल्या कोपऱ्यात, नळाच्या बाजूच्याच भिंतीला घ्या. ट्रॅपमध्ये पाणी साठलेलं असतं म्हणून घाण वास आणि झुरळं वर येत नाहीत. उन्हाळ्यात घर आठ-पंधरा दिवस बंद राहिलं की हे पाणी आटतं आणि परत आल्यावर घरभर वास सुटतो. अशा वेळी फक्त एक तांब्या पाणी ओतायचं.

जमिनीला मोठ्या टाइल्स घेऊ नका. दोन बाय दोनची टाइल दिसते छान, पण छोट्या जागेत तिला एका कोपऱ्याकडे उतार देणं अवघड जातं. एक बाय एकची, खरखरीत टाइल घ्या. दुकानातच त्या टाइलवर पाणी ओता आणि अनवाणी पाय घासून बघा. गुळगुळीत, चकचकीत टाइल्स भिंतीला लावा, जमिनीला नको.

पडलेल्या माणसापर्यंत पोहोचता आलं पाहिजे

बाथरूममध्ये म्हातारं माणूस पडतं तेव्हा ते बहुतेकदा दाराच्या आतच पडतं. दार आत उघडणारं असेल तर त्याच्या अंगावरच अडतं. बाहेर घरची माणसं हाका मारत राहतात आणि दार फोडावं लागतं. म्हणून दार बाहेर उघडणारं किंवा सरकतं करा. कडी अशी घ्या की अडचणीत बाहेरूनही उघडता येईल.

कमोडशेजारच्या भिंतीत पकडायला स्टीलची दांडी लावा. उंची पुस्तकातून घेऊ नका. घरातल्या आजींना खुर्चीवर बसवा, उठताना हात जिथं जातो तिथं खूण करा. दांडी टाइल लावताना भिंतीत पक्की बसवून घ्या. नंतर दोन स्क्रूंवर टेकवलेली दांडी वजन पडलं की उपटून येते. उंबरठा अर्ध्या इंचाहून उंच नको.

गरम पाणी : इथं चूक जिवावर बेतते

डिसेंबर-जानेवारीत धुळे-जळगावचा पारा १० अंशांच्या खाली उतरतो. मग खिडकी लावून, झरोक्यात कापड कोंबून आंघोळी चालतात. अशा बंद खोलीत गॅस गिझर लावला की कार्बन मोनॉक्साइड साचतो. या वायूला वास नाही, रंग नाही. माणसाला गुंगी येते आणि दार उघडण्याआधीच तो कोसळतो. गॅस गिझरची जागा बाथरूमच्या बाहेर, उघड्या हवेत. आत फक्त गरम पाण्याचा पाइप यावा. हाच नियम पऱ्हाटीवर पेटवलेल्या बंबालाही. बंब मागच्या अंगणात पेटवा, आत आणा ती गरम पाण्याची बादली.

विजेचा गिझर असेल तर स्विचबोर्ड बाहेर घ्या, अर्थिंग तपासून घ्या आणि ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी बसवा. करंट गळायला लागला की तो क्षणात वीज तोडतो. बोअरचं पाणी क्षाराचं असेल तर गिझरच्या कॉइलवर आणि नळांवर पांढरा थर चढतो. नळ भिंतीत गाडलेले न घेता बाहेरून खोलता येतील असे घ्या.

खिडकी किमान चार चौरस फुटांची ठेवा आणि ती बाहेरच्या हवेत उघडू द्या. घराच्या आतल्या खोलीत उघडणारा झरोका उपयोगाचा नाही.

कामाचा क्रम

आधी कमोड किंवा भांडं विकत घ्या, निदान त्याचं नेमकं माप दुकानातून लिहून आणा. काही कमोडचं पाणी खाली जमिनीत जातं, काहींचं मागं भिंतीत. भिंतीपासूनचं अंतर आणि उंची कंपनीप्रमाणे बदलते. पाइप आधी गाडला आणि कमोड नंतर आणला, तर दोन्ही जुळतीलच असं नाही.

मग जमिनीवर चुन्यानं किंवा रांगोळीनं खऱ्या मापाचा आराखडा काढा. कमोडच्या जागी खुर्ची ठेवा, बेसिनच्या जागी स्टूल, आंघोळीच्या जागी पाट. घरातल्या प्रत्येकानं त्यात एकदा वावरून बघावं, बादली उचलून, वाकून, बसून. कुणाला वास्तूप्रमाणे दिशा बघायची असेल तर तीही आताच बघा. नंतर दिशा बदलायची म्हणजे पाइप उकरायचे.

त्यानंतर सांडपाण्याचे पाइप, मग नळाचे पाइप. नळाच्या पाइपांत पाणी सोडून जोड तपासा. पाइप झाकण्याआधी मोबाइलवर फोटो काढा, भिंतीला टेप लावून, म्हणजे उद्या खिळा ठोकताना पाइप कुठून गेलाय ते कळेल. मग वॉटरप्रूफिंग. ते वाळलं की नहाणीचं तोंड बंद करून दोन इंच पाणी २४ तास साठवून ठेवा. पातळीवर खडूची खूण करा. पाणी उतरलं किंवा बाहेरच्या भिंतीला ओल आली तर टाइल्सला हात लावू नका.

टाइल्स बसल्यावर मजुरी चुकती करण्याआधी शेवटची परीक्षा घ्या. दाराजवळ एक बादली पाणी ओता आणि बघत राहा. पाच मिनिटांनी कुठंही डबकं राहिलं नाही, पाणी बाहेर आलं नाही आणि सगळं फुलीच्या कोपऱ्यात गेलं, तर मिस्तरीचा हिशेब पूर्ण करा. डबकं राहिलं तर त्याच दिवशी दाखवा. सिमेंट ओलं आहे तोवर टाइल निघते. महिनाभरानं ती फोडावी लागते आणि तो खर्च पुन्हा तुमच्याच खिशातून जातो.